पाकळ्या गळलेली पाणलवंग

पाणलवंगेचा तो वाळलेला नमुना तपासायला आला तेव्हा त्यावर एकही पाकळी नव्हती. त्यात नवल नाही. डबक्याकाठी माणसाच्या उंचीला पोचणाऱ्या या झाडाच्या चार पिवळ्या पाकळ्या जरा धक्का लागला की गळतात. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव होतं लुडविजिया हिस्सोपिफोलिया, आणि त्याला आधार एवढाच की खोड-पानांवर लव नव्हती.

लवेवरून जात ठरवायची ही सवय मला फार खटकते. लुडविजिया ऑक्टोव्हाल्व्हिस ही पाणलवंगेची दुसरी जात दाट लवेची असते तशी जवळपास गुळगुळीतही असते. पाकळी असती तर वादच नव्हता: हिस्सोपिफोलियाची जेमतेम 3 मिलिमीटर, ऑक्टोव्हाल्व्हिसची त्याच्या दुप्पट ते पाचपट. पुंकेसर मोजून उपयोग नाही, दोघींत आठच. चार निघाले तर मात्र ती या दोघींपैकी नाही, लुडविजिया पेरेनिससारखी वेगळी जात.

राहिलं फळ. फुलाखाली लांब देठ दिसतो तो खरं तर बीजकोष. त्याचंच फळ होतं आणि टोकाला चार निदलं तशीच चिकटून राहतात, म्हणून लवंगेचा भास. हे फळ 24 मिलिमीटरचं, म्हणजे दोन्ही जातींत बसणारं. हिस्सोपिफोलियाचं फळ वरच्या बाजूला फुगतं, पण दाबून वाळवल्यावर तो फुगवटा सपाट होतो. नुसत्या नजरेवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

मग साबणाचा थेंब टाकलेल्या गरम पाण्यात फळ मऊ होईपर्यंत ठेवलं आणि ब्लेडने दोन ठिकाणी आडवं कापलं, टोकाजवळ आणि बुडाशी. खरी मेख बुडाच्या कापात असते. हिस्सोपिफोलियात तिथे प्रत्येक कप्प्यात बियांची एकच ओळ असते आणि प्रत्येक बी टणक आवरणाच्या तुकड्यात रुतलेली असते. वरच्या कापात बिया सुट्या दिसतात, म्हणून फक्त टोक कापणारा हमखास फसतो. इथे खालीही बिया सुट्या, अनेक ओळींत. भिंगाखाली प्रत्येक बी म्हणजे चिकटलेले दोन गोळे, कारण बियेची शीर बियेएवढीच फुगलेली. ऑक्टोव्हाल्व्हिसच.

चिठ्ठी बदलली, पण त्याच गठ्ठ्यातले लवेवरून नावं दिलेले बाकीचे नमुने डोक्यातून जात नाहीत. काहींवर फळच नाही. त्यांच्यावर जातीचं नाव न देता नुसतं लुडविजिया एवढंच लिहिता येईल. शेंडा खुडून आणणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे: पाकळीची लांबी जागेवरच मोजून वहीत लिहा आणि पिकलेली चार-पाच फळं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, दाबू नका.