मेर्करची गोष्ट मी १९५६ लाच का थांबवायचो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. व्याख्यान संपलं की कुणीतरी उठतंच: "पाउल मेर्करची गोष्ट तुम्ही १९५६ लाच का थांबवता?" आजवर मी वेळ कमी पडल्याचं सांगत आलो. ते खरं नव्हतं.

मेर्कर जर्मन, पेशानं वेटर होता, हॉटेल कामगारांच्या युनियनमधून कम्युनिस्ट पक्षात वर चढलेला. हिटलरमुळे परागंदा होऊन मेक्सिकोत राहत असताना १९४२ मध्ये त्यानं लिहिलं, ज्यूंचं जे लुबाडलं त्याची भरपाई जर्मनीनं केलीच पाहिजे. स्वतः ज्यू नसताना. १९५० मध्ये पूर्व जर्मनीतल्या त्याच्याच पक्षानं त्याला काढलं, तर लुकेनवाल्डेत उपाहारगृह चालवू लागला. १९५२ च्या अखेरीला अटक झाली. चौकशी करणाऱ्यांच्या डोक्यात एवढंच बसलेलं, की ज्यू नसलेला माणूस ज्यूंसाठी इतकं बोलतो म्हणजे तो हेरच असणार. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून ८ वर्षांची शिक्षा, १९५६ च्या जानेवारीत सुटका, जुलैत त्याच सर्वोच्च न्यायालयाकडून निर्दोष. सुटल्यावर पक्षाच्या आयोगाला लेखी निवेदन दिलं, त्यातही भूमिकेवरून हटला नाही.

इथं मी थांबायचो. टाळ्या पडायच्या.

पुढचं गाळायचो ते हे. जुलै १९५७, पूर्व जर्मनीतला एक खटला. आरोपी वाल्टर यांका, मेर्करचा मेक्सिकोतला सोबती, आता प्रकाशक. आदल्या नोव्हेंबरात यांकाच्या क्लाइनमाखनोच्या घरी काही मंडळी जमली होती, पूर्व जर्मनीचा पक्षप्रमुख उल्ब्रिख्ट याला हटवण्याबद्दल बोलणं झालं होतं. मेर्करही त्या बैठकीत होता. खटल्यात मात्र तो उभा राहिला सरकारी साक्षीदार म्हणून. सरकारी वकील मेल्सहायमर, हिटलरच्या काळातही न्यायाधीश राहिलेला. तुझी जागाही आरोपीच्या पिंजऱ्यातच आहे, असं त्यानं मेर्करला सुनावल्याचं यांकानं पुढे लिहून ठेवलंय. मेर्कर बोलला. यांकाला ५ वर्षांची शिक्षा झाली.

तीन वर्षं बंद कोठडीत काढलेल्या, त्रेसष्टीच्या माणसानं आणखी किती सोसायचं? हे मी एकदा एका तरुण कार्यकर्त्याला फार चढ्या आवाजात विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, यांकाही तुरुंगातूनच आला होता ना कोर्टात?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पूर्वीचा मी म्हणायचा, चळवळीतल्या पोरांना खचलेला माणूस दाखवू नये, ती खचतात. मग त्यांना दाखवलं ते काय होतं? अर्धा माणूस. आणि तो अर्धा माणूस मला हवा होता, पोरांना नव्हे. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

तरीही १९५७ ऐकून कुणी १९४२ खोटं ठरवू लागलं, तर मी आजही भांडेन. मेर्करला गद्दार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बिचारा म्हणायलाही रेटत नाही, कारण शिक्षा यांकाला झाली.