तुम्ही विचारलंत म्हणून: मिनी की फुल?

‘मिनी केलंस की फुल?’ सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, लग्नात जेवणाच्या रांगेत, हा प्रश्न मला आता कुठेही गाठतो. विषय माझ्या टमी टकचा, म्हणजे बाळंतपणानंतर सुटलेलं पोट घट्ट करून घेण्याच्या शस्त्रक्रियेचा. विचारणारी आवाज खाली आणते आणि नजर माझ्या पोटाकडे नेते. उत्तर बहुतेकींनी आधीच ठरवलेलं असतं. ‘मी केलं तर मिनीच करीन बाई, माझं काही एवढं नाहीये.’ एखादी पुढे जाऊन म्हणते, ‘तुझंही मिनीत भागलं असतं. उगाच एवढं मोठं करून घेतलंस.’ माझं पोट जिने कधी उघडं पाहिलेलं नाही, ती हे सांगते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मला जुळी झाली, तीही सिझरने, हे विचारणाऱ्या बहुतेकींना माहीत आहे. ते परत सांगत नाही.

टमी टकमध्ये मिनी म्हणजे थोडं आणि फुल म्हणजे जास्त, असा हिशेब नसतो. बाळंतपणानंतर पोटात बिघडतं ते तीन ठिकाणी: कातडी, चरबी आणि स्नायू. कुणाचं एकच बिघडतं, कुणाचं तिन्ही. कुणाचं फक्त बेंबीच्या खाली, कुणाचं थेट फासळ्यांपासून. मिनीमध्ये छेद लहान असतो, बेंबीला हात लावत नाहीत आणि काम होतं ते बेंबीच्या खालच्या भागावर. फुलमध्ये छेद एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो, स्नायू वरपासून खालपर्यंत जवळ आणून शिवतात, कातडी खाली ओढून जास्तीची काढून टाकतात. बेंबी आपलीच राहते, आपल्या देठावर. फक्त तिच्यासाठी कातडीला नवं भोक पाडतात. नुसतं लायपोसक्शन केलं तर चरबी जाते. कातडी चांगली असेल तर तेवढंही पुरतं, सैल असेल तर ती आणखी लोंबते. ज्यांचं वजन खूप उतरलेलं असतं, त्यांचा छेद कमरेच्या मागेपर्यंत न्यावा लागतो किंवा मधोमध उभाही द्यावा लागतो. माझ्या जावेने मिनी केलं आणि तिच्यासाठी ते अगदी बरोबर होतं. सिझरच्या व्रणावर आलेली वळी सोडली तर तिचं पोट घट्टच होतं. ती तिची गोष्ट. माझी वेगळी.

माझी फट होती. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक चिवट, पांढरट पट्टी. गरोदरपणात ती ताणून रुंद होते. बऱ्याच जणींची बाळंतपणानंतरच्या महिन्यांत पुन्हा बऱ्यापैकी आकसते. माझी, उसवत आलेल्या शिवणीसारखी, तशीच राहिली. साधारण २ सेंटीमीटरच्या वर अंतर राहिलं की डॉक्टर त्याला डायास्टॅसिस रेक्टाय म्हणतात. अंथरुणातून उठायला गेले की पोटाच्या मध्यावर उभी धार वर यायची. साडी नेसताना निऱ्या खोचण्यासाठी एका हाताने पोट वर उचलून धरावं लागायचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. साडी नेसताना मी दार लावून घ्यायचे.

‘पोट बांधलं नसशील नीट,’ हे मला अजूनही ऐकावं लागतं. बांधलं होतं. आईने जुनी सुती साडी फाडून पट्टे केले होते आणि शेक झाला की ती रोज स्वतः बांधायची. आधार वाटायचा, बरं वाटायचं. फट गेली नाही. ‘व्यायाम केला असतास तर?’ केला. फिजिओथेरपिस्टकडे जाऊन, त्यांनी सांगितला तसा, नियमाने केला. पाठ दुखायची थांबली, अंगात ताकद आली, अंतरही थोडं कमी झालं. कातडी होती तशीच राहिली, कारण व्यायामाने सैल कातडी आकसत नाही. मी आळशी नव्हते, हे मला अजून कितीदा सांगावं लागणार आहे?

आणि दिसण्यासाठी केलं का? हो, दिसण्यासाठीही केलं. पाठ दुखत होती, हर्निया होता, असं सांगितलं की लोकांचं समाधान होतं, मान डोलावतात. बेंबीजवळ लहानसा हर्निया होताही आणि तो त्याच वेळी शिवला. पण तेवढ्यासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया कुणी करत नाही. मला आरशातलं माझं पोट नको होतं. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, हे मला विचारणाऱ्यांनी सांगावं.

आता मिनीबद्दल. मलाही मिनीच हवं होतं. एका क्लिनिकमध्ये मी ते ठरवूनही आले होते. तिथे समोर बसलेल्या मुलीने मला उभं करून मोबाइलवर फोटो काढले, कॅटलॉगमधले आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले आणि म्हणाली, ‘मॅडम, एका दिवसात घरी. घरच्यांना कळणारसुद्धा नाही.’ डॉक्टर शेवटी येऊन उभ्या उभ्या बोलून गेले. कुणीही पोटाला हात लावला नाही. आगाऊ रक्कम भरायची तेवढी राहिली होती. बहीण हट्टाला पेटली म्हणून दुसरीकडे दाखवायला गेले. तिथल्या डॉक्टर बाई प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच., म्हणजे त्या विषयातली सर्जनची खास पदवी, घेतलेल्या होत्या. नवरा सोबत होता.

त्यांनी आधी मला टेबलावर सरळ झोपवलं. झोपल्यावर माझं पोट फासळ्यांच्या पातळीखाली गेलं. ‘हे चांगलं आहे,’ त्या म्हणाल्या. झोपल्यावरही पोट वर फुगलेलंच राहिलं तर ती चरबी आत, आतड्यांच्या भोवती असते आणि कुठल्याही टमी टकने ती निघत नाही. मग त्यांनी मला हात न टेकता फक्त डोकं आणि खांदे उचलायला सांगितलं. धार वर आली. त्यांनी बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबली आणि मग माझाच हात धरून माझी बोटं तिथे ठेवली. दोन्ही बाजूंना कडक कडा लागत होत्या आणि मध्ये बोटं खाली जात होती. तिथे आधार द्यायला काहीच नव्हतं. पोटाची ही जागा मी कपड्यांवरून, आरशात, रोज पाहत होते. हात मात्र तिथे कधी लावलाच नव्हता. मला रडू आलं आणि त्या थांबल्या.

मग उभं राहून कमरेत वाकायला सांगितलं. ‘बेंबीच्या खालचं सगळ्याच जणी बघतात. तुम्ही वरचं बघा.’ वाकल्यावर बेंबीच्या वरची कातडीही सुटून खाली आली होती. मिनी केलं असतं तर खालचं घट्ट झालं असतं आणि वरचं तसंच, कदाचित जास्त नजरेत भरणारं राहिलं असतं. त्यांनी मधलाही एक मार्ग सांगितला, बेंबीचा देठ आतून सोडवून ती थोडी खाली सरकवायची आणि वरचेही स्नायू शिवायचे. पण वरची कातडी एवढी सैल असताना तो माझ्यासाठी नव्हता. तुमचं फुलच, त्या म्हणाल्या. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग टेबलाशी बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘अजून मूल हवंय?’

नवरा म्हणाला, ‘नाही नाही, आमचं झालं.’ त्याच वेळी मी म्हणाले, ‘माहीत नाही.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर दिवस राहिले तर बाळाला काही होत नाही, त्या म्हणाल्या, पण मी जे शिवीन ते पुन्हा ताणलं जाईल, कातडीही. म्हणून हे काम मुलं झाल्यावर करायचं. ‘घाई नाही. दोघांचं उत्तर एक झालं की या.’ आणि त्यांनी आमच्याकडून तपासणीच्या फीशिवाय एक पैसा घेतला नाही.

खाली पार्किंगमध्ये आमचं जे भांडण झालं, ते लग्नानंतरचं सगळ्यात वाईट. तो म्हणाला, ‘तू हे कधी बोललीच नाहीस.’ मी म्हणाले, ‘तू कधी विचारलंस?’ तो म्हणाला, दोन मुलं आहेत, तुझा जीव जाता जाता वाचलाय, यात विचारायचं काय? त्याचं खोटं नव्हतं. पण माझी मुलं वेळेआधी जन्मली आणि जन्मताच मला न दाखवता काचेच्या पेटीत गेली. मी त्यांना पाहिलं ते व्हीलचेअरवरून, पेटीच्या भोकातून आत हात घालून. एकदा तरी साधं बाळंतपण व्हावं, बाळ लगेच कुशीत यावं, एवढीच इच्छा होती. तिसरं मूल वाढवायला हवं होतं का? ते खरंच नव्हतं. ही इच्छा शहाणी नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. नवरा गाडी सुरू न करता बसून राहिला आणि मला वाटलं तो समजून घेईल. तो म्हणाला, ‘म्हणजे तुला परत तेच सगळं हवंय?’ त्याच्यासाठी ते दिवस म्हणजे रोजची बिलं आणि रोजची भीती. एकाच दवाखान्यातल्या त्याच दिवसांतून आम्ही दोघं वेगवेगळे बाहेर पडलो होतो आणि ते आम्हाला एका पोटाच्या तपासणीने कळलं.

तेव्हा लक्षात आलं की मला मिनी का हवं होतं. मिनीवाल्या क्लिनिकने मला हा प्रश्न विचारला नव्हता. छोटी शस्त्रक्रिया म्हणजे काहीच कायमचं ठरवायचं नाही, असं मला वाटत होतं. त्या वेळची मी आजच्या मला म्हणते, थोडं करून घेतलं असतंस, दार उघडं राहिलं असतं. मी तिला सांगते, दाराचा आणि छेदाच्या लांबीचा संबंध नव्हता. ती म्हणते, तुला कसं माहीत? आणि खरंच, मला माहीत नाही.

बरेच महिने गेल्यावर मी डॉक्टरांना ‘नाही’ सांगितलं. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी ते खरं होतं. याहून जास्त मला कुणी विचारू नये.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. सकाळी मला उभं करून, नेहमीची चड्डी घालायला लावून, तिच्या आत बसेल अशी रेघ त्यांनी पेनाने आखली. त्याच संध्याकाळी पायांवर चालवलं, कारण या शस्त्रक्रियेत पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका खरा असतो. पहिल्या आठवड्यात कमरेत वाकूनच चालायचं, बाजूला आत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, वर पट्टा. ६ आठवडे जड उचलायचं नाही आणि माझी मुलं तर उचलून घ्यायच्याच वयाची. आई राहायला आली होती. तिने सगळं केलं आणि रोज एकदा ‘हौसेचं दुखणं’ म्हणाली. सिझरचा जुना व्रण काढलेल्या कातडीबरोबर गेला, त्याजागी लांब नवा आला. बेंबीखालचे स्ट्रेच मार्क गेले, वरचे खाली सरकले. बेंबी आणि व्रण यांच्यामधली जागा अजून पूर्ण जागी झालेली नाही. पाळीत गरम पाण्याची पिशवी तिथे ठेवायची नाही, भाजलं तर कळणार नाही, हे मला घरात सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं. मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया बसत नाही आणि वर तेव्हा १८ टक्के जीएसटी भरावा लागला. ‘इन्शुरन्समधून झालं असेल ना?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर.

मिशरी लावणाऱ्या माझ्या एका मावशीने तिच्या सुनेसाठी चौकशी केली, तेव्हा सून लावते का, हे मी आधी विचारलं. तिला राग आला. पण तंबाखू कुठल्याही रूपात असो, कातडीचा रक्तपुरवठा कमी करतो आणि एवढी मोठी सोडवलेली कातडी त्यामुळे काळी पडू शकते. डॉक्टर काही आठवडे आधी पूर्ण बंद करायला लावतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही आधी सांगायच्या. हे विचारत नाहीत अशा ठिकाणी जाऊ नका.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकीने तोच प्रश्न विचारला. तिचं बाळ अजून अंगावर पितं. मी तिला म्हटलं, दूध सुटू दे, त्यानंतर काही महिने जाऊ दे, वजन एका जागी राहू दे. बाळंतपणाला निदान वर्ष होऊ दे. तोवर झोपून डोकं उचल, बेंबीच्या वर बोटं ठेवून बघ. उभी राहून वाक आणि वरची कातडी बघ. मग मिनी की फुल हे तुला डॉक्टरांनी सांगितलेलं समजेल. आणि तिला विचारलं, दुसरं मूल हवंय का? ती म्हणाली, ‘ताई, तो प्रश्न वेगळा आहे.’ तो वेगळा नाही, असं मी तिला तिथेच सांगितलं. तिला ते आवडलं नाही, पण तिने माझ्याकडून त्या डॉक्टरांचा नंबर घेतला.