आज सोमवार आहे, आणि मंगळवारही

आज सकाळी साडेनऊला सोमवार होता. साडेअकराला मंगळवार झाला. जेवणाच्या सुट्टीनंतर बुधवार, आणि दिव्यांखाली भाजून माणसं एकमेकांवर खेकसायला लागली तेव्हा गुरुवार. लहान मुलांच्या कार्यक्रमाचं शूटिंग असंच असतं. स्टुडिओ दिवसाच्या भाड्यानं घेतलेला, दिवे एकदा लावले की शक्यतो हलवायचे नाहीत, म्हणून चार भाग एका दिवसात उरकायचे. मधल्या वेळात मी फक्त शर्ट बदलतो. पिवळा, नारिंगी, लाल, पुन्हा पिवळा. हिरवा चालत नाही. मागचा पडदा हिरवा असतो, त्यामुळे हिरवा शर्ट घातला तर माझ्या छातीच्या जागी ढग आणि डोंगर दिसतील. एकदा घाईत हिरवे मोजे घालून गेलो होतो. त्या भागात मला घोटे नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नाही.

चारही वेळा मी दार उघडून आत येतो, दोन्ही हात पसरतो आणि ओरडतो, "कसे आहात सगळे?" चारही वेळा उत्तर येत नाही, कारण समोर कुणी नसतंच. तीन कॅमेरे असतात, आणि ज्याच्यावरचा लाल दिवा पेटलाय त्याच्याकडे बघून मी हसतो.

हे चौदावं वर्ष. कार्यक्रमात मला नाव नाही, मी नुसता 'दादा'. सुरुवातीला वयाला ते शोभायचं. पहिल्या वर्षी ज्यांना मी साबण लावून हात धुवायला शिकवलं, ती मुलं आता दाढी करतात. मी अजून हातच धुतोय. सेटवर चहा देणारा मुलगा मला दादा म्हणतो, निर्माती म्हणते, बँकेतला माणूस म्हणतो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे गृहस्थ परवा लिफ्टमध्ये "दादा, एक फोटो" म्हणाले. मी हसलो. आपोआप हसलो, हे महत्त्वाचं. हल्ली कुणी 'दादा' म्हटलं की गालांचे स्नायू आधी उचलले जातात आणि मी मागून पोचतो.

गालांवरून आठवलं. ड्युशेन नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. तो माणसांच्या चेहऱ्यांना विजेचे हलके झटके देऊन कुठला स्नायू काय करतो ते बघायचा. 1862 मध्ये त्यानं ते सगळं फोटोंसकट छापलं. त्याचं म्हणणं असं, की ओठांची टोकं वर खेचणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्यांभोवतीचा, ज्यानं कडांना बारीक सुरकुत्या पडतात तो, खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही. म्हणून खरं हसू डोळ्यांत ओळखावं. ऐकायला छान आहे. पण मी तो स्नायू रोज शंभर वेळा हलवतो. पहाटे चारला उठवून सांगा, हलवून दाखवतो. पुढे संशोधकांनीही दाखवून दिलं, की बऱ्याच लोकांना डोळ्यांनी खोटं हसता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा कशाला हवी होती? मुलांच्या कार्यक्रमाच्या सेटवर एक दिवस बसले असते तर भागलं असतं.

याच्यासाठी एक शब्दही आहे, भावनिक श्रम. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली तो रूढ केला. त्यांनी हवाई सुंदरींचा अभ्यास केला होता. चेहऱ्यावरचं हसू हा नोकरीचाच भाग झाला की माणसाला आपल्या आतलं काय आणि कंपनीचं काय हे उमगेनासं होतं, असा एकूण मुद्दा. पटतो. फक्त त्यांचं विमान निदान उतरतं तरी.

कानात एक छोटं यंत्र असतं. त्यातून वरच्या खोलीत बसलेली निर्माती माझ्याशी बोलते. हुशार मुलगी आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण गेली पाच वर्षं ती मला एकच वाक्य सांगते आहे, "दादा, अजून थोडं वर घे." वर म्हणजे आवाज, उत्साह, भुवया, सगळंच. मी गाणं म्हणताना "अजून वर". गोष्ट सांगताना "अजून वर". एकदा गोष्टीतल्या चिमणीचं घरटं वाऱ्यानं पडलं तेव्हाही कानात आलं, "दादा, वर घे, खाली जातोय." अरे, घरटंच खाली पडलंय!

आता तीन सेकंदांबद्दल. बाहेरच्या लोकांना हे ठाऊक नसतं. मी कॅमेऱ्याला विचारतो, "हा कोणता रंग?" आणि गप्प बसतो. घरी बसलेल्या मुलाला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून ती जागा मुद्दाम सोडलेली असते. अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' नावाचा कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला, त्यानं या गप्प बसण्याला फार प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्याकडे एकच भाग आठवड्यातले पाच दिवस दाखवायचे, आणि मुलं दर दिवशी जास्त जोरात उत्तरं द्यायची. त्याचा सूत्रधार स्टीव्ह बर्न्स रिकाम्या पडद्यासमोर एकटा उभा राहून प्रश्न विचारायचा आणि कान देऊन थांबायचा. कार्यक्रम सोडल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यानं जाहीरपणे सांगितलं, की त्या काळात त्याला तीव्र नैराश्य होतं आणि ते नैराश्य आहे हेही त्याला कळलं नव्हतं. ती मुलाखत मी रात्री दोन वाजता वाचली. वाचून लॅपटॉप मिटला, मग परत उघडला आणि पुन्हा वाचली.

कारण ते तीन सेकंद मला माहीत आहेत. बाकीच्या वेळी मी बोलत असतो, उडत असतो, टाळ्या वाजवत असतो. काही जाणवायला फुरसत नसते. पण "हा कोणता रंग?" विचारलं की भुवया वर, मान किंचित पुढे, ओठ अर्धवट उघडे, असं थिजून थांबायचं. समोर काच. काचेत लांबवर एक पिवळा ठिपका दिसतो, तो मी. एक. दोन. तीन. "बरोब्बर! लाल!" एका भागात असे बारा-पंधरा प्रश्न. वाईट वाटत असतं असं नाही. वाईट वाटलं तर चालेल, ते ओळखीचं आहे. तिथं काहीच नसतं. नळ सोडावा आणि फक्त हवेचा आवाज यावा, तसं.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. तेराव्या दिवशी मी सेटवर होतो आणि त्या दिवशी विषय होता 'माझं कुटुंब'. तेव्हा मी मीटिंगमध्ये पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, एक भाग असा करू या, ज्यात दादाला उदास वाटतंय. कारण सांगायचं, रडायचं नाही, पण दार उघडून उडी मारत आत यायचं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तयारीनिशी गेलो होतो. अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार फ्रेड रॉजर्स, त्यानं 1970 मध्ये कार्यक्रमात मेलेला मासा दाखवला, तो कागदात गुंडाळून पुरला, आणि आपला लहानपणीचा कुत्रा मेला तेव्हा आपण कसे रडलो ते सावकाश सांगितलं. 'सेसमी स्ट्रीट' या तिथल्याच मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली 1982 मध्ये वारले. दुसरा नट आणणं सोपं होतं, नाही आणला. 1983 मध्ये एक भाग केला, त्यात 'बिग बर्ड' या मोठ्या पिवळ्या बाहुल्या-पक्ष्याला बाकीचे सांगतात, की हूपर गेले आणि आता परत येणार नाहीत. पक्षी विचारतो, असं का? त्याला धड उत्तर कुणाकडेच नसतं. मुलांनी ते पाहिलं. जग बुडालं नाही.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलवल्या. फार छान, फार महत्त्वाचं, असं म्हणाले. मग एकानं विचारलं, "पण शेवटी गाणं आहे ना?"

तो भाग झाला. त्यात दादाचा फुगा फुटतो, दादा अर्धा मिनिट गाल फुगवून बसतो, आणि मग आनंदाचं गाणं. फुगा दोनदा फोडावा लागला, पहिल्यांदा मी दचकलो नाही म्हणून.

ग्रिमाल्डीची गोष्ट सांगतात ना, तसं माझंही झालं. जोसेफ ग्रिमाल्डी हा लंडनचा विदूषक, 1837 मध्ये वारला. एक खिन्न माणूस डॉक्टरकडे जातो, डॉक्टर म्हणतो, ग्रिमाल्डीचा खेळ बघून या, बरं वाटेल. माणूस म्हणतो, मीच तो. ही गोष्ट पुढे इतक्या विदूषकांच्या नावावर खपवली गेली आहे की तिच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. पण मी गेल्या वर्षी खरंच एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. झोप, भूक, वजन, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही हे सगळं हसत हसत सांगताय, लक्षात येतंय का तुमच्या?" नव्हतं आलं. तिथवर उत्तम चाललं होतं. निघताना त्यांनी जरा संकोचून विचारलं, "माझ्या मुलीसाठी एक छोटा व्हिडिओ?" मी तिथंच, रुमालांच्या डब्याशेजारी उभं राहून, हात पसरून विचारलं, "कशी आहेस तू?" आणि सवयीनं तीन सेकंद थांबलो. पुन्हा गेलो नाही. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या मात्र घेतो. त्यांनी झोप येते, हे सांगायला हवं.

मुलांवर माझा राग नाही. मुलं निरागस असतात वगैरे म्हणणाऱ्यांनी एकदा सतरा मुलांना एका सतरंजीवर बसवून गोष्ट सांगावी. ती चावतात, खोटं बोलतात, दुसऱ्याचा रंग पळवतात. पण ती चित्रं पाठवतात, आणि सगळ्या चित्रांत मला दात असतात. कंगव्यासारखे, या कानापासून त्या कानापर्यंत, कधी दोन ओळींत. डोळे म्हणजे दोन ठिपके, नाहीतर नाहीतच. एका चित्रात नुसते दात आणि खाली पिवळा शर्ट होता. ते मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

तर आज. बुधवारचा भाग चालू होता. त्यात कासव असतं. कासव म्हणजे हातात घालायचा बाहुला, आणि टेबलाखाली चाकांच्या फळीवर उताणे झोपून तो चालवणारे आमचे काका. कॅरोल स्पिनी 'सेसमी स्ट्रीट'मधल्या त्या पिवळ्या पक्ष्याच्या आत उजवा हात डोक्यावर धरून त्याची मान चालवायचा, छातीला बांधलेल्या छोट्या पडद्यावर बघत, आणि हे त्यानं कित्येक दशकं केलं. काकांचंही तसंच, फक्त आडवं. छोटा पडदा, वर धरलेला हात, आणि माझ्या बुटांचा वास. कासव मला "दादा, तू" म्हणतं. काका मात्र "तुम्ही" म्हणतात. सहा वर्षं झाली, ऐकत नाहीत.

मधेच वरचा एक दिवा गेला. शिडी आली, माणूस वर चढला. मी टेबलाच्या कडेला बसून राहिलो. 'कट' म्हटलं की काका हात खाली घेतात, कारण खांदा भरून येतो. आज घेतला नव्हता. कासव टेबलावर हनुवटी टेकून पडलं होतं. मी त्याला म्हटलं, "नाही जमत रे मला आता."

कासवानं डोकं उचललं.

मग मी बोलत राहिलो. घरी पोचल्यावर गाडीतून उतरवत नाही, बंद गाडीत अर्धा-पाऊण तास बसून राहतो. घरात गेल्यावर दिवे लावत नाही. आज खरोखर कुठला वार आहे हे सकाळी फोनवर बघावं लागलं. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातल्या टीव्हीवर मी लागलो होतो, आणि ते टीव्हीतल्या माझ्याकडे बघत होते, शेजारी बसलेल्या माझ्याकडे नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. कासव मान डावीकडे कलती करून ऐकत होतं, ती त्याची ऐकण्याची खूण आहे. खालून आवाज नाही. हळूहळू त्याची मान थरथरायला लागली. हात भरून आला असणार. तरी खाली गेला नाही.

दिवा लागला. फ्लोअर मॅनेजरनं हात वर केला, "पाच, चार..." तीन तो मोठ्यानं म्हणतो आणि पुढचे दोन नुसत्या बोटांनी. तो चारवरच थांबला. टेबलाखालून काका हलकेच म्हणाले, "दादा, तुमचा माईक चालू होता."

मी वरच्या खोलीच्या काचेकडे पाहिलं. दिव्यांमुळे आतलं काही दिसत नाही. कानात नुसती खरखर होती. मग ती म्हणाली, "दादा, तू तयार झालास की सांग. घाई नाही."

गुरुवारच्या अख्ख्या भागात एकदाही 'अजून वर' आलं नाही. एका टेकमध्ये ओके झाला. शर्ट पिवळा होता.