उतावळेपणाची मोजणी

बायपोलरच्या, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांच्या आजाराच्या गोळ्या अंगवळणी पडल्यावर डॉक्टरांनी मला सायकॉलॉजिस्टकडे चाचण्यांना पाठवलं. आवेगावर ताबा किती आहे, ते बघायचं होतं. 'उपाशीपोटी यायचं का?' असं मी फोनवर विचारलंसुद्धा!

कर्वे रोडवरच्या क्लिनिकात आधी बॅरट स्केलचा, म्हणजे उतावळेपणा मोजणाऱ्या प्रश्नावलीचा कागद हातात आला, १९९५ची अकरावी आवृत्ती. ३० विधानं, प्रत्येकाला 'क्वचित किंवा कधीच नाही' ते 'जवळजवळ नेहमी' असे चार पर्याय. बेरीज ३० ते १२०. काही विधानं मुद्दाम उलटी असतात, त्यामुळे एकाच रांगेत खुणा करत सुटता येत नाही.

मी अडकले ते भलतीकडेच. उत्तर कुणाचं देऊ? मॅनियात, म्हणजे मूड अति चढलेला असताना तुळशीबागेतून पिशव्या भरभरून आणणाऱ्या माझं, की हल्ली कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणाऱ्या माझं? सायकॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "आजचा दिवस नको, एरवीचा स्वभाव धरा." आईशी त्या स्वतंत्रपणे बोलल्या. तिच्या मते मी जन्मजातच उतावळी!

मग कॉम्प्युटर. बाण दिसला की बटण दाबायचं, पण मध्येच 'थांब'चा इशारा आला तर हात आवरायचा. मी सारखी चुकत होते, रडकुंडीला आले. नंतर कळलं, की त्याची रचनाच तशी असते. तुम्हाला थांबता आलं की पुढचा इशारा आणखी उशिरा येतो, चुकलात की लवकर. साधारण निम्म्या वेळा सगळेच चुकतात. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पुढे 'आज कमी पैसे घेणार, की थांबून जास्त?' असे प्रश्न होते. ते पटकन उरकले.

निकाल मजेशीर आला. कागदावर आकडा चढा, स्क्रीनवर हात बऱ्यापैकी ताब्यात. मॅडमना नवल वाटलं नाही. या दोन मोजमापांचा मेळ बरेचदा बसत नाही. एक रोजच्या वागण्याचं, दुसरं क्षणभर हात रोखण्याचं. शिवाय बायपोलरमध्ये मूड स्थिर असतानाही कागदावरचा आकडा चढा राहू शकतो आणि नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मला विचाराल तर कागदाचंच खरं. बाणांनी माझे पैसे कधी उडवले नाहीत, यूपीआयने उडवले. डॉक्टरांनीही रिपोर्ट वाचून आधी झोप विचारली, मग खर्च. आता मोठी खरेदी रात्र उलटल्याशिवाय करायची नाही आणि झोप कमी झाली की फोनमधलं यूपीआय बहिणीने बंद करायचं, असं ठरलंय. बहीण या कामावर भलतीच खूश आहे.