मुलीला शिबिराला का घातलं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मे महिना लागला की जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत हाच प्रश्न येतो: "मुलीला यंदा कुठल्या शिबिराला घातलंत?" कुठल्याच नाही म्हटलं की लगेच, "मग ती दिवसभर करते काय?"

यंदा ती वाळवण राखत होती.

आम्ही पुण्यात राहतो. गच्चीवर आजीच्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या. कावळे हाकलायचे आणि पाण्याच्या टाकीची सावली आली की कागद उन्हात सरकवायचा, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी तिने सावलीची कड खडूने आखून ठेवली, म्हणजे उद्या सावली कुठवर येणार ते आधीच कळेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सावली रेघेपर्यंत पोचलीच नाही. त्यानंतरही ती रोज थोडी थोडी टाकीकडे आत सरकत राहिली. "आई, सावली आखडतेय," असं सांगत ती खाली आली.

मला कारण माहीत होतं. दोन मिनिटांत सांगून झालं असतं आणि ती खेळायला गेली असती. गेल्या वर्षी एका शिबिरात तिला घातलं होतं, तिथे हेच व्हायचं. रोज एक तयार वस्तू हातात घेऊन घरी यायची आणि ती कशी झाली हे विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. म्हणून यंदा फक्त "हो का?" म्हणाले आणि कणीक मळत राहिले. पालकांना अवघड जातं ते हे, गप्प राहणं. तिच्या बाबांना तर मी दोनदा डोळ्यांनीच दटावलं.

तिने कुंडीत काठी रोवली. काठी कलायची, मापं चुकायची. शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या गवंडीदादांनी तिला ओळंबा कसा धरायचा ते दाखवलं, मग दोऱ्याला नट बांधून तिने स्वतःचा केला. भर दुपारी १२ ला सावली सर्वांत छोटी असणार, अशी तिची खात्री होती. तसं होईना. ती सर्वांत छोटी व्हायची साडेबाराच्या पुढे, १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास. आधी तिने भिंतीवरच्या घड्याळाला दोष दिला, मग मोबाइलशी ताडून पाहिलं. बाबांनी नकाशाची वही टेबलावर ठेवली, एवढीच मदत. त्यात ८२½ अंशांची रेघ तिला सापडली, जिच्यावरून सगळ्या भारताची घड्याळं लागतात. पुणे त्या रेघेच्या साडेआठ अंश पश्चिमेला. २४ तासांची मिनिटं १४४०, भागिले पृथ्वीच्या एका फेरीचे ३६० अंश, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. उत्तर आलं ३४. तीन मिनिटं उरली. मेच्या मध्याला सूर्य घड्याळाच्या साडेतीनेक मिनिटं पुढे असतो, त्याचा हा फरक. तो मी तिला अजून सांगितलेला नाही. वहीत तिने त्या तीन मिनिटांभोवती चौकट केली आहे.

पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते ती १३-१४ मेच्या सुमारास. १३ तारखेला, काठीऐवजी उन्हात मांडलेल्या डब्याच्या उत्तरेला जेमतेम एक कड उरली होती. १४ ला बारा वाजल्यापासून ती डबा मांडून बसली आणि सव्वाबाराला वळवाचे ढग आले. खूप रडली. मीही जवळ बसून राहिले, समजावलं नाही.

संध्याकाळी तिने नागपूरला मामाकडे फोन लावला. नागपूर आपल्या उत्तरेला, तर तिथली सावली अजून पुरती आखडली नसणार, हे तिचं तिनेच ताडलं. मामेभावाला रोज डबा ठेवायला लावला. २६ मेला १२ वाजून १० मिनिटांनी दोघांनी फोनवर ओरडून घर डोक्यावर घेतलं. आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी का, हे तिने त्यालाच विचारलं. उत्तर मात्र तिने सांगितलं नाही. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

आमच्या घरी आजी आहे, म्हणून हे जमलं. आईबाप दोघं कामावर आणि घरात कुणी नाही, तिथे शिबिर ही गरज असते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण घरी माणूस असेल तर मुलांचा सगळा दिवस भरून टाकू नका, एवढं मी कळकळीने सांगते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस कंटाळ्याचे जातात. "मी काय करू?" अशी भुणभुण चालते. तेवढे दिवस निभावून न्यावे लागतात.

पहिल्या पावसात खडूच्या रेघा धुऊन गेल्या. त्याआधी तिने पाहून ठेवलं होतं, की दुपारची सावली आता डब्याच्या दक्षिणेला पडते. म्हणजे सूर्य आपल्या उत्तरेला गेलाय आणि २१ जूनला फिरून तो परत येणार. १४ मे ते २१ जून ३८ दिवस, पुढे आणखी ३८ मोजले आणि कॅलेंडरवर २९ जुलैला गोल केला. त्या दिवशी आभाळ असेल, हे तिला ठाऊक आहे. तरी शाळेची मधली सुट्टी सावली नाहीशी व्हायच्या वेळेला असते का, हे ती आत्ता वरच्या मजल्यावरच्या ताईला विचारायला गेली आहे.