राजा गेला, मग पुढे काय?

आज भाचीला इतिहास शिकवायला बसलो तर तिने पहिल्याच पानाला अडवलं, "मामा, फ्रेंचांनी १७९३ ला राजाचं डोकं उडवलं ना, मग १८०४ ला नेपोलियनला सम्राट कसं काय होऊ दिलं?" घ्या! ११ वर्षांत परत मुकुट. म्हटलं अगं, भूक, युद्ध, गिलोटिन (डोकं उडवायचं यंत्र), लोक इतके दमले होते की कुणीतरी घडी बसवून द्या असं झालेलं, पण नेपोलियन आला तरी शेतकऱ्यांच्या मानगुटीवरचे सरंजामी हक्क काही परत आले नाहीत, आणि कायद्यापुढे सगळे सारखे हेही राहिलं. सगळे म्हणजे पुरुष हं. बायकांना त्याच कायद्याने नवऱ्याच्या आज्ञेत ठेवलं, आणि ह्याच बायका १७८९ च्या ऑक्टोबरात पाव मिळेना म्हणून पॅरिसहून व्हर्सायला चालत गेलेल्या आणि राजाला घेऊनच परतलेल्या! मतदानाचा हक्क फ्रेंच बायकांना १९४४ ला. डोकंच फिरतं हे वाचून.

रशियात १९१७ ला पण सुरुवात पेट्रोग्राडच्या बायकांचीच, तीही ब्रेडसाठी. पुढे तिथलाही राजा, म्हणजे झार, गेलाच.

संध्याकाळी कॉलेज रोडला मोमो खायला गेलो, गाडीवाला दादा नेपाळी. भाचीने लगेच विचारलं, तुमचा राजा कुठंय आता? म्हणे नेपाळातच आहे की. खरंय, २००६ ला लोक रस्त्यावर उतरले, २००८ ला संविधान सभेने राजेशाही संपवली, राजा ज्ञानेंद्र महाल सोडून गेले आणि त्या नारायणहिटी महालाचं म्युझियम झालं. राजाचं डोकंबिकं कुणी उडवलं नाही. भाची जरा नाराजच झाली बहुतेक 😄