किल्ला आणि इल्ला

बेळगावजवळच्या कडोलीचं साहित्य संमेलन असो की उचगावचं, चहाच्या टेबलाशी कुणीतरी गाठतंच: "सर, ही पोरं रॅप करतात, त्याला कविता म्हणायची काय?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

म्हणायची. वाईट असली तर वाईट कविता म्हणायची.

वाद घालणाऱ्यांची कसोटी ठरलेली: मागचा ठेका काढा, मग बघू काय उरतं. ही कसोटी माझ्या आजीला कुणी लावली नाही. मी वही घेऊन बसलो की ती दोन ओळींतच अडायची. मग म्हणायची, "थांब, मूठभर जोंधळे आण." जातं फिरायला लागलं की ओव्या सुरू. त्या छापल्या की लोकसाहित्य, आणि पोराच्या मोबाइलमधला ठेका तेवढा कुबडी?

आपल्या भागात तरी हा प्रश्न पडू नये. शाहिरामागे झीलकरी 'जी जी रं जी' धरतात, कन्नड गीगी पदात तेच 'गी गी' होतं. कलगी-तुऱ्याचे फड रात्रभर एकमेकांना सवालांत कोंडायचे. त्यालाच कन्नडात हरदेशी-नागेशी म्हणतात. रॅप ज्यातलं, ते हिप-हॉप 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, काळ्या वस्त्यांत जन्मलं. ते आपलंच म्हणून ढापायचं कारण नाही, पण कान आपला आधीच तयार होता. तिकडेही घोळ आहेच म्हणा: केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरला 2018 साली पुलित्झर पारितोषिक मिळालं ते संगीताचं, कवितेचं नव्हे.

मध्यंतरी एका स्पर्धेत परीक्षक होतो. बारावीतला एक मुलगा उठला:

दारात माझ्या किल्ला,
खिशात रुपाया इल्ला.

'इल्ला' म्हणजे कन्नडात नाही. शेवटच्या 'ल्ला'वर त्यानं असा झटका दिला, की रिकामा खिसा उलटा करून दाखवल्यासारखं वाटलं. शेजारचे परीक्षक पुटपुटले, "मराठी स्पर्धेत कन्नड शब्द?" बेळगावात कविता आहे का हे नंतर, भाषा कुठली हे आधी! भाजीबाजारात हेच गृहस्थ दिवसातून दहा वेळा 'इल्ला' म्हणतात.

मी दहापैकी सात दिले. तीन कापले, कारण पुढच्या सोळा ओळी तो स्वतःचीच आरती ओवाळत होता. आमच्या कविसंमेलनातही तेच चालतं. तिथं गुण द्यायची सोय नाही, एवढंच.